राज्याचे घातक कचऱ्याचे नियम फेडरल नियमांशी जुळवताना: पहिल्या तक्त्यापासून ऑथोरायझेशनपर्यंत

पंचावन्न गॅलनचं एक पिंप आहे. आत वापरून झालेलं सॉल्व्हंट, वर पिवळं लेबल. लेबलावर 'हझार्डस वेस्ट' एवढंच लिहून भागेल, की आतला माल पेट घेणारा आहे हेही लिहायला हवं? जून २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्याला याचं उत्तर 'लिहायलाच हवं' असं मिळालं असतं. त्याच दिवशी ओहायोतल्या कारखान्याला कळलं असतं, 'अजून नाही'. ओहायोत ही सक्ती यायला ऑक्टोबर २०२० उजाडला. देश एक, मूळ कायदा एक, पिंपही तेच. फरक पडला तो दोन राज्यांनी फेडरल, म्हणजे केंद्राचा, बदल आपल्या नियमावलीत कसा आणि कधी आणला यामुळे.

अमेरिकेत पर्यावरण खात्यात, सल्लागार कंपनीत किंवा कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करणारे मराठी इंजिनिअर बरेच आहेत. त्यातल्या कुणावर तरी एक दिवस हे काम येऊन पडतं: "आपले राज्याचे नियम फेडरलच्या मागे पडलेत, जरा अपडेट करून घ्या." ऐकायला ते नक्कल करून चिकटवण्याचं काम वाटतं. तसं ते नाही. हा लेख त्या टेबलावर नव्याने बसलेल्या माणसासाठी आहे. कारखान्याच्या बाजूने हे सगळं वाचणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी चौकट

अमेरिकेचा घातक कचऱ्याचा मूळ कायदा म्हणजे १९७६ चा रिसोर्स कॉन्झर्व्हेशन अँड रिकव्हरी अ‍ॅक्ट. सगळे त्याला 'रिक्रा' म्हणतात. त्याचा सबटायटल सी हा भाग घातक कचऱ्याचा. त्यातल्या कलम ३००६ प्रमाणे एखादं राज्य ईपीएला, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेला, म्हणू शकतं की आमचा कार्यक्रम तुमच्या तोडीचा आहे, तो आम्हीच चालवतो. ईपीएने होकार दिला की राज्याला ऑथोरायझेशन मिळतं, आणि मग फेडरल कार्यक्रमाच्या जागी राज्याचा कार्यक्रम लागू होतो. आज आयोवा आणि अलास्का सोडून बाकीच्या ४८ राज्यांकडे असं ऑथोरायझेशन आहे. या दोन राज्यांत ईपीए स्वतः कार्यक्रम चालवते.

तळोजा किंवा चाकणला काम करून अमेरिकेत आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे 'ऑथोरायझेशन' म्हणजे कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळणारा कागद. भारतात घातक कचऱ्याचे नियम, म्हणजे २०१६ ची सध्याची नियमावली, केंद्राने पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली काढलेत. राज्य मंडळ ते राबवतं, स्वतःची वेगळी नियमावली लिहीत बसत नाही. दिल्लीत अधिसूचना निघाली की ती रत्नागिरीतही लागू. अमेरिकेत हा शब्द राज्याच्या कार्यक्रमाला लागतो, आणि फेडरल नियम निघाल्याने राज्यात बहुतेक वेळा काहीच बदलत नाही. राज्याने तो आपल्या पद्धतीने आपल्या नियमावलीत घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर पुन्हा ईपीएकडून त्या बदलापुरतं ऑथोरायझेशन मिळवावं लागतं.

म्हणजे एकाच नियमाच्या तीन तारखा झाल्या. फेडरल नियम लागू झाल्याची एक, राज्याने तो अंगीकारल्याची दुसरी, ईपीएने त्याला ऑथोरायझेशन दिल्याची तिसरी. या कामातल्या बहुतेक चुका या तीन तारखांची सरमिसळ झाल्याने होतात. भिंतीवर काही लावायचंच असेल तर हे लावा.

पायरी १: आपण नेमके कुठे उभे आहोत

पहिले दोन आठवडे मसुद्याला हात लावू नका. आधी आपल्या राज्याला आजवर कशाकशाचं ऑथोरायझेशन मिळालंय ते शोधा. मूळ ऑथोरायझेशन आणि त्यानंतरची प्रत्येक सुधारणा फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या राजपत्रात, छापलेली असते. ४० सीएफआर म्हणजे फेडरल नियमसंहितेचं पर्यावरणाचं, चाळीसावं शीर्षक; त्याच्या भाग २७२ मध्ये राज्यवार मंजूर कार्यक्रम नोंदवले जातात, पण ती नोंद वेळच्या वेळी होतेच असं नाही, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. ईपीए प्रत्येक फेडरल बदलाला एक क्रमांक देऊन त्याची 'रिव्हिजन चेकलिस्ट' बनवते. कोणत्या राज्याने कोणती चेकलिस्ट अंगीकारली आणि कशाला ऑथोरायझेशन मिळालं याचा तक्ता 'स्टॅट्स' नावाच्या प्रणालीत ठेवलेला असतो. तो आपल्या ईपीए रिजनकडून, म्हणजे तिच्या विभागीय कार्यालयाकडून, मागवा. रिजन एकूण दहा आहेत.

हा तक्ता आणि तुमच्या खात्याची आठवण जुळत नाही, हे गृहीत धरूनच चाला. मी पाहिलेल्या एका राज्यात एक जुना नियम 'झालाय' असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. नियम राज्याच्या पुस्तकात होता, हे खरं. पण त्याचा अर्ज ईपीएकडे कधी गेलाच नव्हता. ज्या अधिकाऱ्याने तो लिहिला ते निवृत्त झाले आणि फाईलचं भिजत घोंगडं पडलं. दुसरी तारीख होती, तिसरी नव्हती.

पायरी २: तक्ता

आता एक तक्ता उघडा. राज्याने शेवटचा बदल घेतल्यानंतर निघालेला प्रत्येक फेडरल नियम एका ओळीत. रकाने साधारण असे: चेकलिस्ट क्रमांक, फेडरल रजिस्टरची तारीख, लागू होण्याची तारीख, 'हस्वा' की बिगर-हस्वा, सक्तीचा की ऐच्छिक, ईपीएने स्वतःकडे राखलेला भाग आहे का, आणि आपल्या कोणत्या नियमांना तो लागतो. मसुद्याला जितका वेळ लागेल त्याहून जास्त या तक्त्याला लागेल, आणि तो लागू द्या.

हस्वाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ८ नोव्हेंबर १९८४ ला रिक्रामध्ये मोठी दुरुस्ती झाली, हझार्डस अँड सॉलिड वेस्ट अमेंडमेंट्स, तिचंच हे लघुरूप. अमेरिकी काँग्रेसला तेव्हा राज्यांची वाट पाहायची नव्हती. म्हणून या दुरुस्तीच्या अधिकारात निघालेला कडक नियम सगळ्या राज्यांत एकाच दिवशी लागू होतो, राज्याने तो घेतलेला असो वा नसो, आणि राज्य ऑथोराइझ होईपर्यंत ईपीए तो स्वतः राबवते. जमिनीत पुरण्यावरची बंधनं, म्हणजे भाग २६८, याच वर्गातली. १९९० चा टॉक्सिसिटी कॅरॅक्टरिस्टिकचा, म्हणजे विषारीपणाच्या चाचणीवरून कचरा घातक ठरवणारा, नियमही. बिगर-हस्वा नियम मात्र ऑथोराइझ झालेल्या राज्यात आपोआप लागू होत नाही.

एकाच नियमात दोन्ही प्रकार असतात, तिथे मेख आहे. २२ फेब्रुवारी २०१९ चा औषधांच्या कचऱ्याचा नियम, चेकलिस्ट २४१, घ्या. त्यातला बराच भाग, म्हणजे भाग २६६ चा सबपार्ट पी, बिगर-हस्वा आहे. पण इस्पितळाने घातक वर्गातली औषधं सांडपाण्यात ओतू नयेत ही बंदी हस्वाखाली आली आणि २१ ऑगस्ट २०१९ पासून पन्नासही राज्यांत लागू झाली. त्याच नियमात निकोटिनचे पॅच, गम आणि लोझेंज घातक कचऱ्याच्या यादीतून वगळले, ही सवलत, म्हणून राज्याला ऐच्छिक. एका नियमाच्या तीन ओळी करा. ओळी वाचवण्यात शहाणपण नाही.

सक्तीचा की ऐच्छिक हे ठरवायची कसोटी साधी आहे. राज्याचा कार्यक्रम फेडरलपेक्षा सैल असता कामा नये, कडक असला तर हरकत नाही. म्हणून फेडरल बदलाने नियम कडक झाला असेल तर तो घ्यावाच लागतो. सैल झाला असेल तर राज्याची मर्जी. २०१३ चा सॉल्व्हंट लागलेल्या पुसायच्या फडक्यांबद्दलचा नियम ऐच्छिक होता. स्प्रे कॅन 'युनिव्हर्सल वेस्ट' या सोप्या नियमांच्या वर्गात टाकणारा ९ डिसेंबर २०१९ चा नियमही. कॅलिफोर्निया आणि ओहायोसारख्या राज्यांनी ही सोय फेडरलच्या आधीच केली होती.

ईपीएने स्वतःकडे राखलेल्या भागांचा रकाना लोक विसरतात. परदेशात कचरा पाठवणं आणि तिथून आणणं हे फेडरल सरकारचंच काम राहतं. राज्याच्या पुस्तकात ती कलमं असावी लागतात, पण संमतीचे अधिकार राज्याकडे येत नाहीत. भाग २६८ मधल्या काही मुदतवाढी आणि सवलती, उदाहरणार्थ २६८.५ आणि २६८.६, ईपीएच देते. ई-मॅनिफेस्टचं, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदांच्या ऑनलाइन नोंदीचं, शुल्कही तसंच. ती प्रणाली २०१२ च्या स्वतंत्र कायद्याने आली, ३० जून २०१८ ला देशभर एकाच दिवशी सुरू झाली, आणि तिचे पैसे ईपीएकडे जातात.

पायरी ३: मुदत मोजणं

फेडरल नियमांचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं धरतात. त्या वर्षातले सगळे सक्तीचे बदल राज्याने पुढच्या वर्षीच्या १ जुलैपर्यंत घ्यायचे. त्यासाठी विधिमंडळाकडून कायदाच बदलावा लागणार असेल तर आणखी एक वर्ष. २८ नोव्हेंबर २०१६ ला प्रसिद्ध होऊन ३० मे २०१७ ला लागू झालेला जनरेटर इम्प्रूव्हमेंट्स रूल, चेकलिस्ट २३७, हा २०१६-१७ या वर्षातला. 'जनरेटर' म्हणजे कचरा निर्माण करणारा, आणि सुरुवातीच्या पिंपावरच्या लेबलाची सक्ती याच नियमातली. त्याची मुदत १ जुलै २०१८, आणि कायदा बदलायचा असेल तर १ जुलै २०१९. ओहायोत तो २०२० मध्ये आला हे वर सांगितलंच. म्हणजे मुदती मोडतात, आणि सर्रास मोडतात. पण मोडली म्हणून ती तक्त्यात लिहायची नाही असं करू नका. रिजनबरोबरच्या वाटाघाटीत आणि केंद्राच्या अनुदानाच्या कामाच्या आराखड्यात तीच तारीख पुढे येते.

पायरी ४: उतरवून घ्यायचं की बोट दाखवायचं

राज्यांनी फेडरल नियम घेण्याच्या तीन पद्धती दिसतात.

पहिली, संपूर्ण मजकूर आपल्या पुस्तकात स्वतःच्या क्रमांकांनी छापणं. ओहायो आणि कॅलिफोर्निया हेच करतात. वाचणाऱ्याला सोयीचं, लिहिणाऱ्याला जिकिरीचं. एक स्वल्पविराम गेला तरी अर्थ बदलतो आणि ईपीए विचारते, हे मुद्दाम केलंत का?

दुसरी, 'अमुक तारखेचा ४० सीएफआर भाग २६२ आम्ही संदर्भाने घेतो' असं एक वाक्य लिहिणं. मजकूर छोटा होतो. पण तारखेपाशी घोडं अडतं. सीएफआरच्या चाळीसाव्या शीर्षकाची नवी आवृत्ती दर वर्षी १ जुलैची धरली जाते. नोव्हेंबर २०१६ चा नियम घ्यायचा असेल आणि तुम्ही '१ जुलै २०१६ ची आवृत्ती' असं लिहिलंत, तर जो बदल घेण्यासाठी खटाटोप केला तोच बाहेर राहिला. आवृत्तीच्या तारखेबरोबर फेडरल रजिस्टरचा खंड आणि पान स्वतंत्रपणे लिहा.

तिसरी पद्धत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाची. तिथे संदर्भाने घेताना पुढे होणारे बदलही आपोआप येतील असं लिहिलेलं आहे. म्हणूनच जनरेटर इम्प्रूव्हमेंट्स रूल त्या दोन राज्यांत ३० मे २०१७ लाच लागू झाला, आणि आपल्या पिंपाचं लेबल न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या कारखान्यांत पहिल्याच दिवशी बदलावं लागलं. मोहात पडावं अशी पद्धत आहे, पण बहुतेक राज्यांना ती परवडत नाही. उद्या वॉशिंग्टनमध्ये कुणी काय लिहील ते आजच मान्य करणं म्हणजे कायदा करण्याचा अधिकार बाहेरच्याला देणं, असा आक्षेप राज्याच्या घटनेवरून येऊ शकतो. शिवाय आपोआप येणारं सगळंच टिकत नाही. 'सॉलिड वेस्ट'ची व्याख्या बदलणारा १३ जानेवारी २०१५ चा नियम डीसी सर्किट या फेडरल अपील कोर्टाने जुलै २०१७ मध्ये अंशतः रद्द केला, आणि ईपीएने मे २०१८ मध्ये मजकूर त्याप्रमाणे बदलला. आपोआप घेणाऱ्या राज्यांत तो बदल आला तसा गेला. तारीख घालून घेणाऱ्या राज्याच्या पुस्तकात रद्द झालेला मजकूर बसून राहतो, आणि तो ठेवायचा की काढायचा याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

माझं मत विचाराल तर लहान खात्याने दुसरी पद्धत धरावी, आणि संदर्भाच्या वाक्याखाली अपवादांची व बदललेल्या शब्दांची यादी नीट द्यावी.

त्या यादीत एक वाक्य नेहमी असतं: 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' किंवा 'ईपीए' या शब्दांऐवजी 'डायरेक्टर' वाचावे. हे वाक्य आंधळेपणाने सगळीकडे लावू नका. निर्यातीची सूचना राज्याच्या डायरेक्टरला द्यायची असा अर्थ त्यातून निघाला तर ती चूक ईपीएचा वकील पहिल्या वाचनात पकडतो. ई-मॅनिफेस्टच्या शुल्काचंही तेच. वरच्या तक्त्यातला 'राखलेला भाग' हा रकाना इथे उपयोगी पडतो. ज्या कलमांत 'ईपीए' म्हणजे ईपीएच राहायला हवी ती नावानिशी वगळा.

पायरी ५: वकिलाला आधी बोलवा

बहुतेक ठिकाणी वकील शेवटी येतो. त्याला आता बोलवा. तीन गोष्टी त्याच्याकडून लेखी घ्या.

राज्याच्या कायद्यात हा नियम करण्याचा अधिकार आहे का, ही पहिली. दुसरी, राज्यात फेडरलपेक्षा कडक नियम करायला बंदी किंवा जास्तीची कारणमीमांसा लागते का? काही राज्यांत तसा कायदा आहे. तिथे ऐच्छिक सवलत न घेणं म्हणजेच कडक राहणं ठरतं, आणि त्यालाही समर्थन द्यावं लागतं. तिसरी, दंडाची आणि माहिती उघड करण्याची राज्याची तरतूद अजून फेडरल किमान अटीत बसते का? भाग २७१ मध्ये दिवसाला १०,००० डॉलरपर्यंतचा दिवाणी दंड हा किमान मागितलेला आहे. वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेला एखादा जुना कायदा इथे आडवा येऊ शकतो.

'जास्त कडक' आणि 'जास्त व्यापक' यांतला फरकही याच बैठकीत ठरवा. फेडरल नियमापेक्षा कडक अट, उदाहरणार्थ जास्त वेळा तपासणी, ही मंजूर कार्यक्रमाचा भाग बनते आणि ईपीएही ती बजावू शकते. फेडरल नियम ज्याला शिवतही नाही अशा कचऱ्यावर राज्याने नियम केला, तर तो व्यापक ठरतो. राज्य तो राबवतं, ईपीए नाही. कॅलिफोर्निया कितीतरी असा माल घातक धरते जो रिक्रात घातक नाही. ईपीएने डिसेंबर २०१४ मध्ये या फरकावर स्वतंत्र मार्गदर्शन दिलं आहे. अर्जात प्रत्येक वेगळ्या तरतुदीपुढे यातलं एक लिहावं लागतं. ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पायरी ६: मसुदा, एका नियमाच्या अंगाने

जनरेटर इम्प्रूव्हमेंट्स रूल हे या कामाचं उत्तम प्रशिक्षण आहे, कारण त्यात साठाहून जास्त बदल होते आणि जवळपास प्रत्येक प्रकारचा खड्डा होता.

मांडणीच बदलली. कचरा निर्माण करणाऱ्यांनी तो किती दिवस आणि कसा साठवावा हे पूर्वी २६२.३४ या एका लांबलचक कलमात होतं. ते कलम गेलं, आणि महिन्याला किती कचरा निघतो त्यानुसार त्याचे भाग २६२.१६ (१०० ते १,००० किलो) आणि २६२.१७ (१,००० किलो आणि पुढे) असे झाले. अगदी कमी, १०० किलोपर्यंत कचरा करणाऱ्यांचं २६१.५ हे कलमही हलून २६२.१४ मध्ये आलं. आता तुमच्या राज्याच्या पुस्तकात '२६२.३४' हा आकडा कुठे कुठे आहे ते शोधा. शुल्काच्या नियमात सापडेल. वार्षिक अहवालाच्या नियमात सापडेल. दंडाच्या तक्त्यात, परवान्याच्या नमुन्यात, अग्निशमन खात्याबरोबरच्या करारात. 'कंडिशनली एक्झेम्प्ट स्मॉल क्वांटिटी जनरेटर' हे जुनं नावही असंच. नवं नाव 'व्हेरी स्मॉल क्वांटिटी जनरेटर', पण जुनं नाव एका फॉर्मवर राहिलं की कारखानदार दहा वर्षं तेच लिहीत राहतो.

मग सक्ती आणि ऐच्छिक वेगळं करा. लेबलावर धोक्याचं स्वरूप लिहिणं सक्तीचं. लहान जनरेटरने दर चार वर्षांनी पुन्हा नोंदणी करणंही सक्तीचं, फेडरल वेळापत्रकात पहिली तारीख १ सप्टेंबर २०२१, नंतर १ सप्टेंबर २०२५. मोठ्या जनरेटरने आणीबाणीच्या आराखड्याचा छोटा सारांश करणंही सक्तीचं. आग लागल्यावर येणाऱ्या बंबवाल्याला दोनशे पानं वाचायला वेळ नसतो, हे ज्याने लिहिलं त्याला मी मनोमन दाद दिली.

ऐच्छिक दोन मोठ्या गोष्टी. एक, कंपनीच्या लहान जागांचा कचरा त्याच कंपनीच्या मोठ्या जागेत एकत्र आणण्याची मुभा. दुसरी, 'एपिसोडिक' घटनेची सोय: एरवी कमी कचरा करणाऱ्याकडे एखाद्या वर्षी जुना साठा साफ करताना किंवा गळती झाल्यावर एकदम जास्त कचरा निघाला, तर तो वरच्या वर्गात ढकलला जाऊ नये. वर्षातून एकदा, नियोजित असेल तर तीस दिवस आधी कळवून, अचानक घडली असेल तर ७२ तासांत कळवून, आणि साठ दिवसांत माल हलवून. ही सवलत घेतल्याने राज्याच्या शुल्काचं उत्पन्न घटेल का, हा प्रश्न बैठकीत कुणीतरी विचारतोच. जिथे शुल्क जनरेटरच्या वर्गावर बेतलेलं असतं तिथे थोडं घटेलही. तरी ती घ्यावी असं मला वाटतं. शाळेच्या प्रयोगशाळेने वीस वर्षांची रसायनं एकदा साफ करावीत यासाठी तिला घाबरवून सोडण्यात अर्थ नाही.

मसुदा तयार झाला की ईपीएची चेकलिस्ट काढा. प्रत्येक फेडरल ओळीपुढे आपला क्रमांक, आणि आपली तरतूद समान, कडक की व्यापक ही खूण. चेकलिस्ट मसुद्याबरोबर भरा. नंतर भरायला घेतलीत तर चुका सापडतात, पण तेव्हा नियम छापून गेलेला असतो.

पायरी ७: रिजनला मसुदा दाखवणं आणि राज्याची प्रक्रिया

जनतेपुढे मसुदा नेण्याआधी रिजनकडे पाठवा. ते अनौपचारिक शेरे देतात. याला कधी कधी महिने लागतात. पण सुनावणी झाल्यावर त्यांचा आक्षेप आला तर तुम्हाला सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, म्हणून इथे ताकही फुंकून प्या.

पुढची पायरी राज्यागणिक वेगळी: सूचना, हरकतींची मुदत, जाहीर सुनावणी, आर्थिक परिणामांचं टिपण, मंडळाची किंवा आयोगाची मंजुरी, काही ठिकाणी विधिमंडळाच्या समितीपुढे हजेरी. सुनावणीला येणारे बहुतेक एकच विचारतात: माझ्या दुकानात उद्या काय बदलतंय? त्यांच्यासाठी एका पानाचं टिपण ठेवा. लागू होण्याची तारीख निवडताना महिन्याची पहिली तारीख घ्या, कारण जनरेटरचा वर्ग कॅलेंडर महिन्याच्या कचऱ्यावर ठरतो. महिन्याच्या मधोमध नियम बदलला की हिशेब ठेवणारा तुम्हाला शिव्या घालतो, आणि त्याचं बरोबर असतं.

पायरी ८: ऑथोरायझेशनचा अर्ज

राज्याचा नियम लागू झाला म्हणून काम संपलं असं खात्यात सगळ्यांना वाटतं, आणि फाईल इथेच कपाटात जाते. वर सांगितलेली ती अर्धवट फाईल अशीच गेली होती. अर्ज लगेच करा.

अर्जात जातं ते असं: अंतिम नियमांच्या प्रमाणित प्रती आणि लागणारे कायदे, भरलेल्या चेकलिस्टा, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचं निवेदन की हा अधिकार राज्याकडे आहे, कार्यक्रमाच्या वर्णनात काय बदललं त्याचं टिपण, आणि गरज असेल तर ईपीएबरोबरच्या सामंजस्य करारातली दुरुस्ती. यात सगळ्यात जास्त वेळ अ‍ॅटर्नी जनरलच्या सहीला लागतो. पायरी ५ मध्ये वकिलाला बोलावलं होतं ते याचसाठी.

ईपीएला अर्ज पटला की ती फेडरल रजिस्टरमध्ये निर्णय छापते. बहुतेक वेळा 'इमिजिएट फायनल' पद्धतीने: हरकतींना किमान तीस दिवस, आणि विरोधी हरकत आली नाही तर साठ दिवसांनी ऑथोरायझेशन लागू. आली तर ईपीए हरकतींचा विचार करून नव्याने निर्णय देते.

मधला काळ

दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेमधला काळ कधी महिन्यांचा, कधी वर्षांचा. या काळात राज्याचा नवा नियम राज्याच्या कायद्याने पूर्ण लागू असतो. पण बिगर-हस्वा बदल असेल तर ईपीएच्या दृष्टीने अजून जुना, शेवटचा ऑथोराइझ झालेला नियमच खरा. नवा नियम कडक असेल तर अडचण नाही, कडक पाळलं की दोन्ही पाळलं जातं. सवलत असेल तर थोडा धोका उरतो: राज्य म्हणतं चालेल, ईपीए तत्त्वतः जुन्या नियमाने जाब विचारू शकते. मोठ्या कंपन्यांचे वकील एपिसोडिक सवलत वापरण्याआधी तिसरी तारीख बघतात ते यामुळे.

राज्याने कारवाई केल्यावर ईपीएने पुन्हा वेगळी कारवाई करावी का, हे प्रकरण कोर्टातही गेलं आहे. मिझुरीतल्या हार्मन खटल्यात आठव्या सर्किटने १९९९ मध्ये म्हटलं की करता येणार नाही. कोलोरॅडोच्या पॉवर इंजिनिअरिंग खटल्यात दहाव्या सर्किटने २००२ मध्ये म्हटलं, येईल. तेव्हा सवलत वापरणारा कारखाना कोणत्या सर्किटमध्ये, म्हणजे कोणत्या अपील कोर्टाच्या हद्दीत, आहे हेही वकिलाला विचारा.

कारखान्याच्या बाजूने

तुम्ही नियम लिहिणारे नाही, पाळणारे असाल, तर वरच्या तक्त्याची लहान आवृत्ती स्वतःसाठी करा. एका ओळीत एक बदल, आणि पुढे तीन तारखा. दोन राज्यांत कारखाने असतील तर प्रत्येक राज्याला स्वतंत्र रकाना. ईपीएच्या संकेतस्थळावर बऱ्याच मोठ्या नियमांसाठी राज्यवार नकाशे आहेत: कुणी अंगीकारलं, कुणाला ऑथोरायझेशन मिळालं. नकाशावरच्या त्या दोन रंगांतला फरक बघायला शिका.

मुख्यालयाने पाठवलेली 'देशभर एकच' कार्यपद्धती आंधळेपणाने वापरू नका. एका ओळखीच्या कंपनीने टेक्सासात बसून एपिसोडिक घटनेचा फॉर्म तयार केला आणि तो सगळ्या शाखांना पाठवला. ज्या राज्याने ती सवलत घेतलीच नव्हती तिथल्या शाखेनेही तो भरून टाकला. निरीक्षकाने फॉर्म पाहिला, त्यावरचा किलोंचा आकडा पाहिला, आणि त्या महिन्यापुरतं त्या जागेला मोठा जनरेटर ठरवलं. कागद शाखेनेच हातात दिला होता. लेबलाच्या बाबतीत मात्र उलट करा: सगळ्यात कडक राज्याचं लेबल सगळीकडे लावा. पिंपावर 'इग्नायटेबल' हा एक शब्द जास्त लिहायला पैसे पडत नाहीत, आणि त्या पिंपाजवळ काम करणाऱ्याला सॉल्व्हंट पेटायचं ते कोणत्याही राज्यात पेटतंच.